निशाणांमधली जमीन

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती माणसं आली तेव्हा भीमा राब भाजत होता. रोपासाठी राखलेल्या जमिनीवर पाला, गवत आणि शेणाचा थर घालून तो पेटवला, की आग कुठे सरकते यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. वारा फिरला तर शेजारचा माळ पेटतो आणि सगळी वाडी अंगावर धावून येते. म्हणून खालच्या खाचरात कोण उतरलंय हे बघायला त्याला जाता आलं नाही. त्याची बायको नवसी ओल्या डहाळीनं कडेचा जाळ झोडत होती. सून बाळी पाण्याचा हंडा घेऊन तयारीत उभी होती. धुरानं तिघांचे डोळे लाल झाले होते.

खाली ओहोळाकाठी तीन पायांची दुर्बीण उभी होती. एक जण तिच्यातून बघत होता, दोघं बांबूच्या काठ्या घेऊन पुढे पळत होते आणि मागून एक जण काठ्या ठोकत येत होता. प्रत्येक काठीला लाल फडकं. आधी ओहोळापलीकडे शेजारच्या जनूच्या शेतातून एक रांग गेली, मग अलीकडे भीमाच्या खाचरातून दुसरी.

राब विझत आला तेव्हा काठ्या ठोकणारा वर पाणी मागायला आला. बाळीनं हंडा वाकवला. तो ओंजळीनं पाणी प्यायला, तोंडावरून हात फिरवला आणि जाता जाता म्हणाला, "देखो चाचा, वो निशान को हाथ मत लगाना. साहब का काम है."

"काय काम हाय?" भीमानं विचारलं.

"मेरे को क्या मालूम?" असं म्हणून तो उतारावरून निघून गेला.

एवढंच बोलणं झालं. पुढे जे रामायण घडलं त्याच्या आधी सरकारनं भीमाला सांगितलेली गोष्ट ही एवढीच, आणि तीही तहान लागली म्हणून.

बदलापूरपासून बारवीच्या बाजूला चालत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी लागते. भीमाची जमीन तशी नावालाच. वरचा खडकाळ माळ, त्यात नाचणी आणि वरी कशीबशी यायची. खरी जमीन म्हणजे ओहोळाकाठचं खाचर. त्यातला ओहोळाला लागून असलेला पट्टा तर असा, की दिवाळी होऊन गेली तरी पाय टाकला की घोटा आत जायचा. उशिरा पिकणारं गरवं भात त्यातच व्हायचं, आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. घरातलं वर्षाचं निम्मं अन्न त्या पट्ट्यातून यायचं. लाल फडक्यांच्या काठ्या नेमक्या त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांनी ठोकल्या होत्या.

वाडीत एक जुनी रीत होती. माळावरचं गवत कुणी राखलं, की तो माणूस काठ्यांना पळसाचे डहाळे बांधून कडेकडेनं रोवत जायचा. डहाळा वाळून गळून गेला तरी काठीची बंदी राहायची. दोन काठ्यांच्या मधे गुरं घालायची नाहीत, विळा लावायचा नाही, वाटसुद्धा पाडायची नाही. ज्यानं काठी रोवली त्यानंच ती काढायची. भीमा तरणा असताना त्याचा बैल एकदा अशा राखलेल्या गवतात शिरला होता. शिरला म्हणजे भीमानंच आळसानं जाऊ दिला होता. तर त्या पावसाळ्यात त्याच्या लावणीला वाडीतलं एक माणूस आलं नाही. वाडीत लावणी एकमेकांच्या हातानं होते, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. भीमानं आणि त्याच्या आईनं दोघांनीच वाकून वाकून सगळं खाचर लावलं. म्हातारीची पाठ त्यानंतर सरळ झालीच नाही. ती मरेपर्यंत काटकोनात चालली, आणि ते का, हे वाडीनं भीमाला कधी विसरू दिलं नाही.

त्यामुळे भीमाला लाल फडक्यांचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. सरकारनं जागा राखली होती. कशासाठी ते सरकार बघेल. काठ्या ज्यांनी रोवल्या ते येऊन काढतील, तोवर आत पाय टाकायचा नाही.

आता हे शहाण्या माणसाला वेडेपणा वाटेल. वाटू दे. शहाण्या माणसांनी त्या वेळी येऊन दोन शब्द सांगितले असते तर बरं झालं असतं.

पाऊस लागला, रोपं वर आली, चिखलणीला बैल खाचरात उतरले. भीमानं अर्धं खाचर नांगरलं आणि पहिल्या काठीपाशी बैल वळवला. त्याचा मुलगा वाळू बांधावर उभा होता. वाळू उन्हाळाभर बदलापुरात नव्या बिल्डिंगांवर सेंट्रिंगच्या कामाला जायचा, त्यामुळे त्याला जग जरा जास्त कळतं असं त्याला वाटायचं.

"बा, वळवला कशाला? पट्टा राहिला ना."

"निशान हाय."

"तो निशान मापाचा असतो बा. आमच्या साइटवर पन लावतात. मंग तिथं पाया खोदतात."

"खोदतात ना? मंग खोदायच्या जागी आपन लावनी कशी कराची?"

नवसी रोपांच्या मुठी डोक्यावरून उतरवत होती. "ज्यानं निशान लावला तो आपल्या घरी भात पाठवनार हाय का?" ती म्हणाली. "आपलीच जमीन, आपल्यापासूनच राखली. असा कुठं असतो का?"

"सायबाचा मानूस सांगून गेला, हात लावू नको."

"काठीला हात लावू नको बोलला. जमिनीला नको बोलला का?"

"काठी कशासाठी लावतात नवसे?" भीमा चिडला. "शोभेला?"

नवसीनं मुठी खाली आपटल्या आणि चिखलात उतरली. दिवसभर ती भीमाशी बोलली नाही. बाळी दोघांच्या मधे वाकून रोपं खोचत होती. तिचे पाय चिखलानं कुजल्यासारखे पांढरे पडले होते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या.

पट्टा न लावल्यामुळे आवण उरलं. चांगली हिरवीगार, वीतभर उंचीची रोपं. टाकून द्यायला कुणाचा हात झाला नसता. पलीकडे जनूचं आवण खेकड्यांनी खाल्लं होतं. तो बांधावर येऊन उभा राहिला. जनू हसऱ्या तोंडाचा, बेफिकीर माणूस. आपल्या शेतातल्या काठ्या त्यानं चिखलणीच्या वेळीच उपटून बांधावर एका जागी टेकवल्या होत्या, आणि एक लाल फडकं तर त्यानं डोक्याला बांधलं होतं.

"भीमादादा, आवन उरलाय तं दे मना."

"तू निशान काढलास?"

"मंग? नांगराला आडवा येत होता. मना तं कोन काय बोलला नाय."

भीमाला राग आला. पण रोपं वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी शेतात गेलेली बरी, असं म्हणून त्यानं मुठी ओहोळावरून एकेक करून पलीकडे फेकल्या. जनूनं त्या झेलल्या आणि त्याच दिवशी आपल्या निशाणांच्या जागेत लावून टाकल्या. नवसी हे बघत होती. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं परातीत पीठ इतक्या जोरानं मळलं की परात दोनदा जमिनीवरून सरकली.

भाद्रपदात वाडीच्या तोंडापर्यंत जीप आली. तिथून पुढे चिखल, म्हणून साहेब बूट हातात घेऊन, पँट वर दुमडून बांधावरून चालत आले. त्यांच्या मागे छत्री धरणारा कारकून. साहेबांचं नाव दिनानाथ गुप्ते. अंबरनाथला रस्त्याच्या आखणीचं जे ऑफिस होतं, त्यातले ते अधिकारी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण वाईट असता तर ही गोष्ट सांगणं सोपं झालं असतं.

ओहोळापलीकडे जनूचं भात कमरेएवढं झालं होतं. अलीकडे भीमाच्या पट्ट्यात लव्हाळं आणि तण माजलं होतं, आणि त्यात लाल फडकी अगदी ओळीनं, जशी ठोकली तशी उभी होती.

"हे कुणाचं?" गुप्त्यांनी विचारलं.

"माजा सायेब." भीमा पुढे झाला. त्यानं मुद्दाम डोक्याला धुतलेलं फडकं बांधलं होतं.

"यात काही लावलं नाही?"

"नाय सायेब," भीमा अभिमानानं म्हणाला. "तुमचा निशान होता ना. आमी आत पाय पन नाय टाकला. त्या तिकडं बघा, त्या मानसानं निशान उपटला. आमी काडी हलवली नाय."

गुप्त्यांनी काठ्यांच्या सरळ रांगेकडे बघितलं. सबंध आखणीत इतकी जशीच्या तशी राहिलेली निशाणं त्यांना कुठे बघायला मिळाली नव्हती. जागोजागी पोरांनी फडकी पळवली होती, बायकांनी काठ्या जळणाला नेल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान दिसलं.

"फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "सगळे तुमच्यासारखे असते तर आमची कामं किती लवकर झाली असती."

कारकुनानं काहीतरी लिहून घेतलं. बाळी माळावरच्या वेलाच्या काकड्या घेऊन धावत आली. साहेबांनी एक तिथेच मोडून खाल्ली, दोन पिशवीत टाकल्या. भीमा त्यांना जीपपर्यंत सोडायला गेला, परत येताना सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा खाकरला. त्या दिवशी नवसीसुद्धा नरमली. सरकारच्या माणसानं आपल्या नवऱ्याला चांगलं म्हटलं, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माणूस एवढ्या तेवढ्यावर किती खूश होतो, आणि त्याला खूश करून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

त्या वर्षी घरात भात निम्मंच आलं आणि वाल तर आलेच नाहीत. दिवाळी झाल्यावर वाळू बदलापुरात साइटवरच राहायला गेला. बाळी आणि नवसी अंबरनाथच्या बाजूच्या वीटभट्टीवर जाऊ लागल्या. ओल्या विटा उलट्यापालट्या करून बाळीच्या हाताचं कातडं गेलं, तिला भाकरी तोडताना त्रास व्हायचा. भीमा घरी बैल सांभाळायचा आणि म्हणायचा, "एका वरसाचा तं सवाल हाय. ते येतील, काठ्या काढतील, मंग आपला पट्टा आपल्याला."

शिमग्याच्या आधी गावचा कोतवाल हरिचंद्र आला. नेहमी येता येता हाका मारत येणारा हा माणूस त्या दिवशी गुपचूप ओट्यावर येऊन बसला.

"भीमा, रस्ता पास झाला. तुझ्या खाचरातून जातो."

"कनचा रस्ता?"

"मोठा. बदलापुरातून अंबरनाथच्या मागनं उल्हासनगरला. दोन लायनी काढल्या होत्या ना, एक तुझ्यातून, एक जनूतून. जनूचा वाचला. साहेब लोकांनी ठरवला, ज्या लायनीत पिकाची जमीन कमी, तीच घ्यायची. तुझी पडीक निघाली."

भीमाला आधी ते कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो हसला. चूक झाली असणार असंच त्याला वाटलं. पडीक म्हणजे काय हे त्याला चांगलं माहीत होतं. डोंगरावरचा कातळ पडीक असतो. ज्यात घोटाभर चिखल असतो ते पडीक कसं असेल? साहेबांना भेटून सांगितलं की झालं, साहेब ओळखीचे होते, त्यांनी काकडी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी तो बदलापूरहून एसटीत बसला. गाडी अंबरनाथच्या अलीकडे रेल्वे फाटकापाशी जी उभी राहिली ती हलेचना. पुढे कारखान्यांचे ट्रक, उल्हासनगरचे माल भरलेले टेम्पो, रिक्षा, मधेच एक लग्नाची बस. फाटक उघडायचं, चार गाड्या सरकायच्या, परत बंद. गाडीतली माणसं शिव्या देत होती. शेजारचा पँटवाला भीमाला म्हणाला, "रोजचं आहे हे. इकडे रोज नवी बिल्डिंग उभी राहते आणि रस्ता तोच, बैलगाडीच्या वेळचा. एक नवीन रस्ता होणारेय म्हणतात. पण होईल तेव्हा खरं. कोणीतरी आडवं येतं ना जमिनीवरून!"

भीमा खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. रस्ता हवा हे त्यालाही दिसत होतं. तो आंधळा नव्हता.

ऑफिस अंबरनाथ पूर्वेला एका दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर होतं. शिपायानं त्याला जिन्यातच बसवलं. वर जाणारे-येणारे त्याच्या पायांना चुकवून जात होते. दुपारनंतर एकदाची आत हाक मारली गेली. गुप्त्यांच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला होता, त्याच्या चार कोपऱ्यांवर चहाचे रिकामे कप ठेवले होते.

"कोण? काय काम आहे?"

"मी भीमा, सायेब. बारवीकडचा. काकडी…"

"हां, हां. या. बोला."

"सायेब, ती जागा पडीक नाय. भाताची हाय. चांगला गरवा भात होतो तिच्यात."

"मग लावलं का नव्हतं?"

"तुमचा निशान होता ना."

गुप्त्यांचा हात नकाशावर तसाच राहिला. "निशाण होतं म्हणजे? निशाण मोजणीचं होतं. पेरू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितला नाय. पन निशान…"

"अहो, पण कुणी सांगितलं नव्हतं ना?"

"तुमीच बोललात, चांगला केलात."

साहेबांना आठवलं. भाद्रपदातला तो बांध, ती लाल फडकी आणि आपण काय बोललो ते, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मी निशाणांबद्दल बोललो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हे बघा, भीमा. आम्ही मुद्दाम ठरवलं होतं की भातशेती वाचवायची. दोन्ही लाइनी बघितल्या. पलीकडे उभं पीक होतं, तुमच्याकडे तण होतं. मी जे दिसलं ते कळवलं. तुमचंच भलं बघत होतो हो आम्ही, शेतकऱ्यांचं."

"त्या पलीकडच्या शेतातला भात माज्याच आवनाचा हाय सायेब."

"काय?"

"मीच दिला जनूला. माजा पट्टा लावला नाय म्हनून उरला होता."

गुप्त्यांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनानं पंख्याकडे. "मी वर लिहून बघतो," साहेब शेवटी म्हणाले. "पण लाइन मंजूर झाली आहे. ती आता माझ्या हातात नाही."

त्यानंतर भीमानं त्या जिन्याच्या पायऱ्या किती झिजवल्या त्याला सुमार नाही. साहेब साइटवर गेलेत. साहेब मीटिंगला गेलेत. वरून उत्तर आलं नाही. वरून उत्तर आलं, की मुदत संपल्यावर हरकत घेता येत नाही. मुदत कधी होती? होती ती, बोर्डावर लावली होती. कुठल्या बोर्डावर? याच जिन्यात, तुम्ही बसता त्याच्या डोक्यावर. भीमानं वर बघितलं. भिंतीवर नुसते खिळे होते. दुसऱ्या टेबलाकडे गेलं की तिसऱ्याकडे पाठवत, तिसऱ्याकडे गेलं की परत गुप्त्यांकडे. आणि दर खेपेला कुणी ना कुणी विचारायचंच, "पण मग पेरलं का नाही?" शेवटी शेवटी शिपायालाही ते पाठ झालं. भीमा जिन्यात दिसला की तोच म्हणायचा, "क्या चाचा, बोया क्यों नहीं?" आणि डेअरीवाला हसायचा. भीमा हात हलवत परत यायचा. घरी येऊन बैलांवर ओरडायचा. बैलांनी काय केलं होतं?

"मी बोलली होती," नवसी एकदा म्हणाली. भीमानं पितळेचा तांब्या तिच्या अंगावर भिरकावला. तो तिला न लागता खांबाला लागला आणि चेपला. दोघांनाही त्याची इतकी लाज वाटली की तो चेपका तांब्या कुणी दिवसभर उचललाच नाही.

त्या पावसाळ्यात भीमानं निशाणं उपटली. एकेक काठी त्यानं ओहोळात फेकून दिली. वाडीनं त्याला साथ दिली. जनूसुद्धा आला, त्याची बायको रखमाबाई आली. जनू नजर चुकवून, एरवीची थट्टा विसरून, सगळ्यांत पुढे वाकून लावत होता. एका दिवसात पट्टा लावून झाला. एक वर्ष विसावलेली जमीन, भात असं आलं की लोंब्यांच्या भारानं आडवं पडायला लागलं. दसऱ्याच्या सुमारास भीमानं त्यातल्या लोंब्यांची एक जुडी बांधली आणि अंबरनाथला नेली. जिन्यात थांबला नाही, शिपायाला बाजूला सारून सरळ आत गेला आणि जुडी नकाशावर ठेवली.

"बघा सायेब. हा पडीक."

गुप्त्यांनी लोंबी हातात घेतली, दाणा दाबून बघितला. त्यांचे वाडवडीलही कुठेतरी भातच पिकवत असणार, कारण त्यांचा हात लोंबीवरून चटकन निघाला नाही.

"उत्तम आलंय," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "लवकर कापून घ्या. दिवाळीनंतर काम सुरू होतंय. आणि लाइन जाहीर झाल्यानंतरचं पीक हिशेबात धरत नाहीत, भीमा. मी विचारून ठेवलंय."

भीमानं जुडी उचलली नाही. तो निघाला तेव्हा नकाशावर दाणे सांडले होते आणि शिपाई ते फडक्यानं खाली झाडत होता.

भात कापलं, झोडलं, घरात आलं. वाल टाकायला ओल होती, पण टाकले नाहीत. मग बदलापूरच्या बाजूनं मुरुमाचे डंपर येऊ लागले. बघता बघता मुरुमाची लाल भिंत शेतांमधून सरकत वाडीच्या दिशेनं आली. मुकादमानं वाडीत येऊन सांगितलं, माणसं पाहिजेत, बायका चालतील, रोजाचे पैसे आठवड्याला. वीटभट्टीपेक्षा जवळ होतं. बाळीच्या हातांना भट्टी परत सोसली नसती.

"मी नाय येनार," भीमा म्हणाला.

"नको येऊ," नवसी म्हणाली, आणि सून-सासू घमेली घेऊन निघाल्या. भीमा दोन दिवस ओट्यावर बसला. तिसऱ्या दिवशी तोही फावडं घेऊन गेला. घरी बसून ऐकू येणारा डंपरचा आवाज जास्त वाईट होता.

काम त्याच्या खाचरापर्यंत पोचलं तेव्हा त्याला वाटलं होतं आपण कोसळू. तसं काही झालं नाही. माणूस कोसळत नाही, हीच तर पंचाईत आहे. बांध त्यानंच फोडला, कारण मुकादमानं त्यालाच सांगितलं. आजोबांनी रचलेले दगड एकेक करून निघाले. मग पहिला डंपर मागे मागे करत पट्ट्यात शिरला आणि मधोमध जाऊन थांबला. ड्रायव्हरनं जोर दिला तशी मागची चाकं गरगर फिरली, काळा चिखल बायकांच्या लुगड्यांवर उडाला आणि डंपर एका अंगानं खाली बसला. पार लोखंडापर्यंत. दुसरा डंपर बाहेर काढायला आला, तोही रुतला. मागचा रोलर लांबच उभा राहिला. सगळं काम ठप्प.

दुपारी कंत्राटदाराचा इंजिनिअर मोटारसायकलवरून आला. उल्हासनगरचा कुणी तरुण पोरगा, गळ्यात सोन्याची साखळी. तो बूट घालूनच उतरला आणि दोन पावलांत त्याचा एक बूट चिखलात राहिला. त्यानं वाकून हातात गाळ घेतला, मुठीत दाबला, बोटांतून तो बाहेर येताना बघितला आणि त्याचं डोकंच फिरलं.

"ये कौन बोला था पडीक है?" तो मुकादमावर ओरडला. मग हातातला गाळ सगळ्या मजुरांसमोर धरून मराठीत ओरडला, "अरे, ही पडीक आहे काय? अव्वल भाताची जमीन आहे ही! आंधळ्यालासुद्धा कळेल! कुठल्या गाढवानं हिला पडीक लिहिलं?"

फावडी थांबली. बायका घमेली डोक्यावर घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. नवसीनं भीमाकडे बघितलं.

भीमा पुढे गेला. चिखलात त्याचे पाय सहज पडत होते. तो इंजिनिअरच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, पुन्ना एकदा बोला."

"काय?"

"आता काय बोललात ते. पुन्ना बोला."

इंजिनिअरला वाटलं हा म्हातारा आपली थट्टा करतोय. त्यानं गाळ खाली आपटला आणि हात पँटला पुसले. "दारू पिऊन आलाय का हा?" त्यानं मुकादमाला विचारलं. "ह्याला बाजूला घे. आणि ऐक, मुरुमानं भागणार नाही इथे. मोठा दगड आण, डबल सोलिंग टाक, दगडाचे दोन थर. भाताची जमीन आहे, खूप खाणार ती."

बूट सोडवून तो मोटारसायकलकडे गेला. भीमा तिथेच उभा होता. वर्षभर ज्या एका वाक्यासाठी तो अंबरनाथच्या जिन्यात बसला होता ते वाक्य सगळ्यांसमोर, मोठ्यानं, सरकारी रस्त्याच्या माणसाच्या तोंडून बोललं गेलं होतं. त्याला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, त्या पोराचे पाय धरून त्याला अंबरनाथला न्यावंसं वाटलं. यातलं काहीच त्याला करता आलं नाही.

दगडांचा ट्रक येऊन बांधाच्या फुटलेल्या तोंडाशी रिकामा झाला. मुकादम शिट्टी वाजवून ओरडू लागला. बायका ओळीनं उभ्या राहिल्या, दगड एका हातातून दुसऱ्या हातात येऊ लागले, आणि रांगेच्या शेवटाला, गाळात गुडघाभर उतरून, ते घेऊन खाली दाबायला माणूस नव्हता.

"ए भीमा! तुला जागा माहीत आहे, तू उभा रहा तिथे!"

भीमा उभा राहिला. बाळीनं पहिला दगड नवसीच्या हातात दिला, नवसीनं तो भीमाच्या हातात दिला. भाताच्या जमिनीला लागला तेवढा सगळा दगड संध्याकाळपर्यंत त्यानं आपल्या हातांनी दाबून बसवला.